पाळणाघराची फी कोणाच्या पगारातून?

मुंबईच्या उपनगरांत मूल सहा-सात महिन्यांचे झाले की घराघरांत एक हिशेब मांडला जातो: आईच्या पगारातून पाळणाघराची फी, लोकलचा पास आणि स्वयंपाकाच्या बाईंचे पैसे वजा केले, तर हाती उरते काय, आणि तेवढ्यासाठी लेकराला दिवसभर दुसऱ्याच्या ओटीत घालावे का. हा हिशेब मुळातच अपुरा आहे, कारण त्यात भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पगारातून कापली जाणारी आणि मालकाचीही भर पडणारी म्हातारपणाची पुंजी, धरलेली नसते. शिवाय फी वजा होते ती आईच्याच पगारातून, बापाच्या नव्हे, आणि हेच सर्वांत खटकते.

तरीही पैशाने दुसरी बाजू, म्हणजे मुलाला द्यायच्या वेळेची, खोडली जात नाही. चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल 1992 मध्ये सुरू झाली. संध्याकाळच्या अशा गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणारी बाई घरचा अर्धा तास वाचवत असते, आणि तो अर्धा तास मुलाचा असतो. पासबुकात त्याची नोंद होत नाही.

2017च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातील भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 वरून 26 आठवड्यांवर नेली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. मुलुंड-घाटकोपरच्या दहा-बारा माणसांच्या कार्यालयात काम करणारी आई मात्र या सोयीबाहेरच राहिली. तिने नोकरी सोडली, तर त्याला तिची निवड म्हणू नये.