दोन जिवांचा हिशेब

घर बांधणाऱ्याला सल्ला द्यायचा तर आपल्याला निदान विटेचा भाव तरी ठाऊक असावा, असे सर्वसाधारण माणसाला वाटते. पण एखाद्या बाईला दिवस गेल्याची बातमी फुटली, की हा नियम रद्द होतो. शेजारच्या काकू, दूधवाला, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई, एवढेच काय पण ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःचा चहासुद्धा केलेला नाही असे दूरचे मामेसासरे, सगळे एका क्षणात आहारशास्त्रज्ञ होतात. आणि मौज अशी, की या सगळ्यांचे शास्त्र फिरून फिरून दोनच वाक्यांवर येते. एक, "दोन जिवांची आहेस, भरपूर खा!" आणि दुसरे, "अगं बाई, हे खाऊ नकोस!"

१९८६ साली माझी वेळ आली तेव्हा हे दोन्ही पंथ आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एकाच वेळी नांदत होते. सासूबाई पहिल्या पंथाच्या. सकाळी दुधात तूप, दुपारी वरणभातावर तूप, आणि संध्याकाळी "घासभर खाऊन घे" म्हणून साजूक तुपातला शिरा. माझी कोकणातली मावशी दुसऱ्या पंथाची. तिचे म्हणणे, "पोट लहान ठेव, मूल लहान राहील, सुटका सोपी होईल." पपई, तीळ, शेवग्याच्या शेंगा, केळी, सगळे तिच्या काळ्या यादीत.

त्या वेळी या दोघींचे मला हसू येई. आज येत नाही. सासूबाईंनी रेशनच्या रांगा पाहिल्या होत्या. घरात तूप आहे तोवर ते पोटात जाऊ द्यावे, हा त्यांचा हिशेब होता. मावशीच्या गावाला पावसाळ्यात खाडी ओलांडल्याखेरीज डॉक्टर नव्हता. आडलेली बाळंतीण काय असते हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. मोठ्या मुलाची तिला भीती वाटे ती उगाच नव्हे. म्हणजे एकीचा सल्ला टंचाईतून आलेला, दुसरीचा भीतीतून. दोघींची माया खरी होती. पण मायेला वजनकाटा नसतो.

तो काटा आमच्या घरात आला २०२२ साली, सूनबाईंच्या वेळी. लग्नानंतर तीन वर्षे कचेरीत खुर्चीवर बसून काम आणि रात्री उशिरा जेवण. दिवस राहिले तेव्हा तिचे वजन ६६ किलो होते, उंचीच्या मानाने थोडे जास्तच. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत एका कागदावर आकडे मांडून दाखवले. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण माझ्या मते प्रत्येक गृहिणीने तो पाहायला हवा.

पूर्ण दिवसांचे बाळ सुमारे ३ किलो. वार अर्धा किलो. गर्भजल सुमारे १ किलो. वाढलेले गर्भाशय १ किलो. छातीचे वाढलेले वजन अर्धा किलो. वाढलेले रक्त दीड किलो, आणि अंगातले इतर पाणी दीड किलो. ही झाली ९ किलो. वर अंगावर साठणारी, पुढे दूध पाजताना उपयोगी पडणारी चरबी दोन-तीन किलो. म्हणून नेमस्त वजनाच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत दहा-बारा किलोंनी वाढले, तर ते ठीकच. बाई मुळात किडकिडीत असेल तर याहून अधिक वाढायला हवे. मुळात अंगाने भरलेली असेल तर सात ते अकरा किलो पुरे.

"मग दोघांचं खायचं नाही?" आमच्या विहीणबाईंनी विचारले. त्या मुद्दाम नाशिकहून आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर दोन डबे.

"दोघांसाठी खायचं, दोघांएवढं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आपल्या देशाच्या पोषणसंस्थेने गर्भवतीसाठी जो वाढीव आहार सांगितला आहे, तो चौथ्या महिन्यापासून दिवसाला ३५० कॅलरी इतकाच आहे. म्हणजे काय? एक पेला गाईचे दूध, एक केळे आणि मूठभर शेंगदाणे. संपले! बऱ्यापैकी मोठे असे बेसनाचे दोन लाडू खाल्ले तरी हिशेब पुरा होतो. पण लाडवात बाळाच्या हाडामांसाला लागणारे फारसे काही नसते, आणि दुधाशेंगदाण्यांत असते. पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तीचे काही लागतही नाही. बिचारीच्या पोटात अन्न टिकले तरी पुष्कळ.

हे सगळे कळूनही डबे यायचे ते आलेच. सहाव्या महिन्यात सूनबाईंचे वजन आठ किलोंनी वाढलेले होते. नवरात्रात साखरेची तपासणी झाली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. आकडा १४० च्या आत हवा. तिचा आला १६२.

त्या संध्याकाळी आमच्या घरात माळेचे फूल पडले तरी आवाज झाला असता. विहीणबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसल्या. त्यांना वाटले, सगळे आपल्या डब्यांकडे बोट दाखवणार. मी त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही प्रेमानं आणलंत, आणि हा आजार काही एका लाडवानं होत नाही." हे खरेही आहे. गर्भारपणात वारेतून येणारे काही द्रव इन्सुलिनचे काम अडवतात. आई-वडिलांकडून आलेला मधुमेहाचा वारसा, आधीचे वजन, बैठे काम, सगळ्यांची त्यात भर पडते. तिच्या वडिलांना मधुमेह होताच.

पण खरी काळजी मला वाटली ती पुढच्या दोन दिवसांत. सूनबाईंनी जेवणच टाकले. सकाळी एक काकडी, रात्री ताक. "माझ्यामुळे बाळाला काही झालं तर?" एवढेच तिचे पालुपद. आपल्या आजाराबद्दल बाईला आधी अपराधी वाटते, आणि मग ती स्वतःला शिक्षा करते. ती शिक्षा बाळालाही भोगावी लागते, हे मात्र तिच्या लक्षात येत नाही.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने तिची समजूत घातली. मुलगी जेमतेम पंचविशीची, पण बोलणे स्वच्छ. तिने एका रिकाम्या ताटावर बोटाने रेघा मारल्या. "हे अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. हा पाव भाग पोळी, भाकरी किंवा भात, यातलं एक, तिन्ही नव्हेत. आणि हा पाव भाग डाळ, उसळ, दही, अंडं, मासे. उपास करायचा नाही. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं खाणं. आणि जेवल्यावर वीस मिनिटं चालायचं." साखर जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत राहायला हवी, एवढे तिने वहीत लिहून दिले.

पंधरा दिवसांत आकडे जागेवर आले. पण सूनबाईंची खरी अडचण वेगळीच होती. सकाळी अकराच्या खाण्याची वेळ झाली, की तिला एकटीने बसून खायचा कंटाळा येई. आणि इथे या हकीकतीत दुसरी बाई येते.

आमच्याकडे भांड्याला येणारी बाई त्याच वेळी पाचव्या महिन्यात होती. तिसरे बाळंतपण. वजन ४२ किलो, आणि पाच महिन्यांत वाढले होते जेमतेम एक किलो. सकाळी सहाला घर सोडायची, चार घरची कामे उरकून तीनला परत. मध्ये पोटाला काय? तीन घरचा चहा आणि त्याबरोबर बटर. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन निघाले ८.२. गर्भवतीचे ते ११ च्या वर असावे लागते. लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या होत्या आणि त्या एका पत्र्याच्या डब्यात जशाच्या तशा होत्या. सासू म्हणाली होती, गोळ्यांनी पोर काळे होते आणि थोर होते.

सूनबाईंनी तिला एका सकाळी म्हटले, "ताई, अकराला माझ्याबरोबर बसा. मला एकटीला खाववत नाही."

तिने केळे हातात घेतले आणि तसेच परत ठेवले. "वहिनी, घरी दोन पोरं हायेत. त्यांना सोडून हे माझ्या घशाखाली उतरंल का?"

या प्रश्नाला आहारशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. "फळे व दूध घ्यावे" असे छापणे सोपे असते. सूनबाईंनी काही भाषण केले नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर चार केळी यायला लागली, दोन इथे खायची आणि दोन घरी न्यायची. त्याबरोबर उकडलेले अंडे, कधी मोड आलेल्या मटकीची उसळ, कधी चवळीच्या पाल्याची भाजी आणि भाकरी, वर लिंबाची फोड. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, चहा तिच्या आगेमागे तासभर नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही आणि लिंबू लागू देते. गोळीने शौचाला काळे होते, पोर काळे होत नाही, हे मी तिला दोनदा सांगितले. आणि नुसत्या गुळाने रक्त भरत नाही, गोळीला दुसरा पर्याय नाही, हेही सांगितले.

या मुंबईचे आणि गर्भवतीच्या रक्ताचे एक जुने नाते आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती बायकांना एक विचित्र पांडुरोग होई आणि कित्येक त्यात दगावत. बाईंनी त्यांच्या ताटात काय पडते ते पाहिले, आणि १९३१ साली दाखवून दिले, की यीस्टचा साधा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात होते काय, ते दहा वर्षांनी कळले. पालकाच्या पानांतून तो पदार्थ १९४१ साली वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचे नाव पडले फोलिक ॲसिड. आज जगभर गर्भवतीला जी छोटी गोळी देतात, तिचा उगम आमच्या गिरणगावातल्या बायकांच्या दुखण्यात आहे. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या चारच आठवड्यांत बंद होतो, म्हणून ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावी लागते. आपण मात्र गोड बातमी कळल्यावर पेढे आणायला धावतो.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गर्भवतींचा अभ्यास केला. त्या बायकांचे सरासरी वजनही जवळजवळ ४२ किलोच होते, आणि बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास. ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर खात, त्यांची बाळे अंगाने बरी होती. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. दिसायला लुकडी अशी ही बाळे आतून मात्र चरबी धरून असतात, आणि पुढे सुबत्ता आली की मधुमेह त्यांना लवकर गाठतो. म्हणजे आमच्या टेबलावर समोरासमोर बसलेल्या त्या दोघी दिसायला दोन टोकांच्या असल्या, तरी कदाचित एकाच गोष्टीची दोन पाने होत्या. एकीच्या आजीची उपासमार दुसरीच्या रक्तातली साखर होऊन येऊ शकते.

कोजागिरीनंतर सूनबाईंचे डोहाळजेवण झाले. विहीणबाईंनी स्वतः बेत ठरवला. मटार घातलेला नाचणीचा उपमा, पालकाची भजी नव्हे तर पालकाची ताकातली भाजी, मुगाचे घावन, आणि पेढा-बर्फीच्या वाट्या केवळ वाटी उघडण्यापुरत्या. दिवाळीच्या फराळातली एक करंजी आणि थोडा चिवडा सूनबाईंनी दुपारच्या खाण्याऐवजी खाल्ला, आणि नंतर गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. सण चुकला नाही आणि आकडाही बिघडला नाही.

जानेवारीत तिला मुलगी झाली, ३ किलोंची. शेवटपर्यंत सुई टोचावी लागली नाही, आणि वजन एकंदर साडेदहा किलोंनी वाढले. सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासली, ती ठीक होती. तरी दरवर्षी तपासायचे तिने मनावर घेतले आहे. दुसरीला पाडव्याच्या सुमारास मुलगा झाला, २.६ किलोंचा. तिचे हिमोग्लोबिन शेवटी १०.४ वर पोचले होते. ११ काही झाले नाही. तीन बाळंतपणांची आणि चार घरांची झीज चार महिन्यांच्या केळ्यांनी भरून येत नाही, हे मान्य करायला हवे. पण बाळंतपणात तिला रक्त चढवावे लागले नाही, हेही खरे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी कोणी दोन जिवांची असेल, तर तिच्या पानात आग्रहाने वाढण्याआधी तिची वजनाची वही एकदा पाहा. तिला दटावण्याआधीही पाहा. आणि ओटा आवरून, भांडी घासून, "येते हं" म्हणत उपाशीपोटी जिना उतरणारी कोणी असेल, तर तिलाही विचारा, "काही खाल्लंस का?" ती "हो" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. एक पान मांडा, आणि शेजारी आपणही बसा.