बेरीज बरोबर, व्यवहार चूक

भिलाईच्या सुपेला बाजारात ग्राहक भाजीवालीला यूपीआयने 50 रुपये पाठवतो. त्याच्या खात्यातून रक्कम वजा होते. तिच्या खात्यात जमा झाल्याचा निरोप येत नाही. दोन बँका आणि मधली यंत्रणा यांपैकी कोणाचा तरी निरोप वाटेत अडकला आहे. तो पुन्हा पाठवावा, आणि पहिलाही उशिरा पोहोचावा, तर?

अशा वितरित प्रणालीच्या चाचण्या हाताने लिहून पुरे पडत नाही. तीन संगणकांनी प्रत्येकी 10 कृती केल्या, तरी त्यांचे परस्परक्रम साडेपाच लाख कोटींहून अधिक होतात. माणसाला त्यांतले पाच-दहा सुचतात, आणि बहुधा तेच आज्ञावली लिहिणाऱ्यालाही आधी सुचलेले असतात.

म्हणून चाचण्या यादृच्छिक रीतीने निर्माण करतात. क्लासन आणि ह्यूज यांच्या ‘क्विकचेक’ने 2000 मध्ये दाखवलेली वाट हीच: उदाहरणे लिहायची नाहीत, नियम लिहायचा. काइल किंग्सबरी यांचे ‘जेप्सेन’ त्यात मुद्दाम घडवलेले बिघाड मिसळते. संगणकांमधला संपर्क मध्येच तोडते आणि मग नोंदलेला इतिहास एखाद्या सुसंगत क्रमात बसतो का, हे तपासते.

खरी कसोटी नियम लिहिणाऱ्याची. वाटेतली रक्कम धरून सर्व खात्यांची बेरीज कायम राहावी, हा नियम निर्दोष भासतो. पण 50 रुपये दोनदा गेले, तरी बेरीज तीच राहते! लाखो यादृच्छिक फेऱ्या ती चूक निमूटपणे पास करतील. एका व्यवहार क्रमांकाने रक्कम एकदाच हलावी, हा दुसरा नियम लिहिला, की त्याच फेऱ्यांत ती सापडू लागते.