ड्यूकचं पडलेलं नाटक

26 डिसेंबर 1946. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात 'बेगर्स हॉलिडे'चा पहिला खेळ. गीतं जॉन लाटूशची, संगीत जॅझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनचं. मार्चअखेरीला 111 प्रयोगांवर कायमचा पडदा पडला.

मूळ कथा जॉन गेच्या 1728 सालच्या 'बेगर्स ऑपेरा'ची. ब्रेख्तनं तीच घेतली आणि ब्रेख्तवरून पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' आला. म्हणजे हे नाटक त्या तमाशाचा नायक, आपल्या अंकुशच्या भावकीतलंच. म्हणून त्याच्या पडण्याची मला जास्तच हळहळ वाटते.

का पडलं? आधी पाहा एलिंग्टनच्या बँडमधले नोटेशनचे कागद. वर 'आल्टो सॅक्सोफोन' असं लिहिलेलं नसे, वादकाचं नाव असे. जॉनी हॉजेस सूर कसा ओढतो, हॅरी कार्नीचा बॅरिटोन खालून कसा भरून येतो, हे कानात ठेवूनच तो स्वर लिहायचा. कार्नी 1927 पासून त्याच्याबरोबर होता! नाटकात ही माणसं नव्हती. स्टेजपुढच्या खड्ड्यात भाड्याचे वादक, वर गाणारे नट. माझ्या मते निम्मं नाटक इथंच हरलं.

उरलेलं तालमीत. संगीत नाटकात रोज काही कापावं लागतं, रात्रीतून नवं पद बांधावं लागतं. संगीतकार हाताशी हवा. एलिंग्टन बँड घेऊन गावोगाव फिरत होता. भार पडला त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नवर. त्यानं चालीसुद्धा बांधल्या, पण संगीतकार म्हणून नाव एकट्या एलिंग्टनचं लागलं. हे मला आजही सलतं. त्यात दिग्दर्शकही मध्येच बदलला आणि जॉर्ज ॲबटला आणावं लागलं.

तरी धाडस केवढं! निर्मात्यांपैकी पेरी वॉटकिन्स कृष्णवर्णीय, नटसंच मिश्र. आल्फ्रेड ड्रेकचा गोरा नायक मॅकहीथ आणि त्याच्यावर जीव टाकणारी कृष्णवर्णीय ल्यूसी, 1946 च्या अमेरिकेत, उघड रंगमंचावर. पडलेल्या नाटकांच्या यादीत हे नाटक टाकताना माझा हात अडखळतो तो यासाठी.

1966 मध्ये एलिंग्टनचं नवं नाटक पुन्हा ब्रॉडवेवर, 'पूस-कॅफे'. तीन प्रयोग.

1974 मध्ये एलिंग्टन गेला. 1981 मध्ये त्याच्याच गाण्यांचा 'सोफिस्टिकेटेड लेडीज' आला आणि 767 प्रयोग चालला. त्यात गोष्ट नव्हती. बँड स्टेजवर होता आणि पुढे मुलगा मर्सर उभा होता.