कान जुना, ओठ नवा

प्रिय अप्पासाहेब यांस,


पेन्शनीत निघाल्यावर सॅक्सोफोन शिकण्याचा आपला मनोदय कळला, आणि या वयात हे वाद्य हाती धरण्यास काही हरकत आहे काय, असा जो सवाल आपण मजसारख्या अर्ध्या वाटेवरच्या साधकास केला आहे, त्याचे उत्तर ‘हरकत नाही’ असे असले तरी एका ओळीत देण्याजोगे नाही.

बोटांविषयी आपण निश्चिंत असावे. बेल्जियममधील दीनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अदोल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते हे वाद्य पिढ्यानपिढ्या घडत आलेले नसून हिशेब करून बनविलेले आहे. नळी शंकूच्या आकाराची असल्यामुळे डाव्या अंगठ्याची एक चावी दाबताच, बाकीची बोटे होती तिथेच ठेवून, तोच स्वर वरच्या सप्तकात वाजतो. क्लॅरिनेटवाल्यास वर गेल्यावर बोटांची निराळी मांडणी शिकावी लागते, तो जाच येथे नाही. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर आल्टो जातीच्या सॅक्सोफोनवरचा ‘सी’ म्हणजे प्रत्यक्षात काळी दोन, आणि टेनर जातीच्यावरचा काळी पाच. एवढी गोम ध्यानी ठेवली की साथीदारांशी तंटा होत नाही.

कसोटी आहे ती मुखाची. अंग पितळेचे असूनही शास्त्रकार याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत करतात, कारण याचा प्राण धातूत नसून बोरूच्या जातीच्या एका पातळ पत्तीत, म्हणजे रीडमध्ये, आहे. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडून त्या रीडखाली द्यावयाचा, आणि वरचे दात माउथपीसवर टेकवावयाचे. (आपली कवळी वरची आहे असे स्मरते, ती घट्ट बसवून घेण्याचे काम वाद्यखरेदीच्या आधी उरकावे.) मुखाची ही तालीम देणारे आमचे मास्तर मूळचे गोव्यातील साष्टीचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांस स्वरलिपी शिकविण्याची जी वहिवाट होती, आणि जिच्यामुळे पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद गोमंतकीयांनी भरून गेले, तिचेच ते वारस. ते आरंभी गाणे तर राहोच, सरगमही वाजवू देत नाहीत. श्वास पुरेल तोवर एकच स्वर, न थरथरता. आपले गवई पहाटे खर्ज भरतात, तोच हा प्रकार.

आणि येथेच प्रौढ माणूस खचतो. लहान मुलाचे कान व ओठ बरोबरीने वाढतात, म्हणून आपण बेसूर वाजवितो हे त्याच्या गावीही नसते. आपला कान मात्र ‘कश्मीर की कली’ या चित्रपटातील मनोहारी सिंगांच्या सॅक्सोफोनवर उभा जन्म पोसलेला, त्यामुळे ओठ अजून बाराखडीत असताना तो पहिल्याच फुंकरीस साक्षीपुराव्यानिशी निकाल देऊन मोकळा होतो. फुप्फुसे थकली, वय झाले, असे म्हणून पुष्कळजण वाद्य पेटीत बंद करतात. माझ्या मते वयाच्या नावे खर्ची पडलेली ही रक्कम कानाच्या खाती मांडावयास हवी.

मींडेचा मोहही तूर्त तहकूब ठेवावा. बासरीवर बोट छिद्रावरून सरकविता येते. येथे बोट छिद्रास शिवतच नाही, ते चावीवर पडते, म्हणून स्वर ओढावयाचा तो ओठाने आणि कंठाने. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँड ऐकून या वाद्याच्या नादी लागलेल्या कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीतातील गमके त्यातून काढून दाखविली खरी, परंतु ते नादस्वरवादकाचे चिरंजीव, आणि उमेदीची सारी वर्षे त्यांनी त्यापायी घातली. तो दावा आपण आरंभीच लावू नये.

घ्यावयाचा तो आल्टो. त्याचेही वजन अडीच किलोंच्या घरात जाते, टेनर याहून जड, आणि आपल्या मानेची तक्रार मला ठाऊक आहे. सबब गळ्यातील पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरचा पट्टा मागावा. रीड दोन नंबरची. वाद्य तूर्त भाड्याने आणावे, शेजाऱ्यांस आगाऊ सूचना द्यावी, आणि स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकण्याचा उद्योग निदान पहिल्या वर्षी करू नये. मास्तरांकडे शनिवारची सायंकाळ मोकळी आहे. बेत कायम असल्यास उलटटपाली कळवावे, म्हणजे ती वेळ आपल्या नावे राखून ठेवतो.



आपला स्नेहांकित