कोच बदलायचा का?

भात झोडून घरात आलं, खाचरात वाल पेरून झाले, की आमच्या सुधागड तालुक्यातल्या माणसाला बोलायला सवड मिळते. त्या दिवसांत पालीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, बल्लाळेश्वराच्या वाटेवरच्या हॉटेलांत नुसते कान देऊन बसा. अर्ध्या गोष्टी लग्नाच्या ऐकाल आणि अर्ध्या कबड्डीच्या. कुठल्या गावाचे सामने कधी, बक्षीस किती, कोणाचा भाचा कोणाकडून खेळतोय. आणि एखाद्या गावाचा संघ ओळीनं तीनदा पहिल्याच फेरीत गारद झाला, की मग त्या गावात दुसरा विषयच उरत नाही. कोच बदला!

कोच हा शब्द तसा नवा. मी 1977 साली दहावी झालो. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव 1981 ला मिळालं. म्हातारी माणसं या खेळाला हुतूतूच म्हणायची. शिकवायला वेगळा माणूस नसायचा. संघात जो वयानं मोठा, तोच ओरडायचा आणि बाकीचे ऐकायचे. खाचरातला एक सपाट तुकडा धरायचा, धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून चोपायचं, वरून रेघा मारायच्या. मैदानाचं माप आम्ही दोरीनं काढायचो. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ नव्हतं. छातीत जेवढा दम, तेवढी चढाई.

आमच्या गावाला शिकवणारा माणूस मिळाला तो गिरण्यांच्या संपामुळं. 1982 साली मुंबईत संप झाला आणि आमच्याकडचे किती तरी लोक वळकट्या घेऊन गावी परत आले. त्यात आमचे काका होते. नात्यानं ते माझे कोणी नाहीत, पण अख्खं गाव त्यांना काकाच म्हणतं. गिरणीच्या संघातून ते खेळले होते. गावी आल्यावर चार बिघे शेती आणि संध्याकाळी पाच वाजता मैदान, हा त्यांचा नेम झाला. पैसा कधी घेतला नाही. वर्षाकाठी एक शाल, एक नारळ आणि गावच्या जत्रेला पहिला मान, एवढीच त्यांची कमाई. त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसात लागली, एक बँकेत लागला, एक रेल्वेत. कबड्डीच्या जोरावर नोकरी लागते, हे आमच्या गावानं त्या पोरांमुळं पाहिलं. म्हणून काकांचा शब्द शेवटचा असायचा.

मग 2014 साल आलं आणि टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली. आमच्या इकडं सगळे यू मुंबाचे. पहिल्या वर्षी ते अंतिम सामन्यात जयपूरकडून हरले, 2015 ला बंगळुरूला हरवून जिंकले, त्या रात्री गावात फटाके वाजले. त्याच टीव्हीनं आमच्या पोरांना दुसरी एक गोष्ट दाखवली. मैदानाच्या कडेला खुर्चीत एक माणूस बसतो, टाइम आउट घेतो, बोटं नाचवून काहीतरी सांगतो, आणि संघ हरला की तो माणूस पुढल्या वर्षी दिसत नाही.

आमच्या गावात हा वाद पेटला 2025 च्या जानेवारीत, माघी गणपतीच्या आधी. पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. पंधरा-वीस पोरं आणि आम्ही चार म्हातारे. काका नव्हते. ते नाहीत म्हणूनच विषय निघाला.

एक पोरगा म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण काका मातीतले. आमाला मॅटवर खेळायचंय. काका अजून सांगतात, थांब, समोरच्याचा दम जाऊ दे. आता दम जातच नाय. तीस सेकंदांत चढाई संपते. दोन मोकळ्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणायलाच लागतो, नायतर बाद."

बोलणं खोटं नव्हतं. पण माझ्या शेजारी बसलेले पाटील उसळले. "तुला पाय धरायला कोणी शिकवलं रे? त्याच काकांनी ना?"

"शिकवलं ना. म्हणून काय जन्मभर हरायचं?"

मग दाखल्यांची मळणी सुरू झाली. पुण्याचं उदाहरण पोरांच्या तोंडावर होतं. पुणेरी पलटणचा कोच होता अनुप कुमार, भारताचा कप्तान राहिलेला, यू मुंबाला चषक मिळवून देणारा. एवढा मोठा खेळाडू, पण पुण्याला काही चषक मिळेना. त्यांनी बी. सी. रमेश यांना आणलं. पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीत, आणि पुढल्या हंगामात, 1 मार्च 2024 ला, हरयाणाला 28-25 नं हरवून विजेता. "बदलला कोच, आला चषक," पोरगं म्हणालं.

"आणि त्याच्या पुढल्या वर्षी?" पाटलांनी विचारलं. "तोच कोच, तोच संघ. नगरचा अस्लम इनामदार गुडघा धरून बसला आणि गाडी प्ले-ऑफपर्यंतसुद्धा गेली नाय. मग चषक कोचनं आणला का अस्लमच्या गुडघ्यानं?"

सगळे हसले. पाटलांना जोर चढला. त्यांनी यू मुंबाचं काढलं. इराणचा घोलामरेझा माझंदरानी कोच असताना दहाव्या हंगामात मुंबई बारा संघांत दहावी आली. तेव्हा हीच पोरं त्याला हाकला म्हणत होती. मालकांनी ठेवला. अकराव्या हंगामात तोच संघ प्ले-ऑफला गेला. "तुमचं ऐकलं असतं तर?"

मला मात्र त्या वेळी जकार्ता आठवत होतं. 2018 ची आशियाई स्पर्धा. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी आली तेव्हापासून पुरुषांचं सोनं दर खेपेला आपलंच, ओळीनं सात वेळा. आणि जकार्तात इराणनं उपांत्य सामन्यात आपल्याला 27-18 नं झोपवलं. दुसऱ्या दिवशी बायकांचा अंतिम सामना, तिथंही इराण, 27-24. आणि त्या इराणी मुलींना शिकवणारी कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी गावात कोणी जेवलं नाही म्हटलं तरी चालेल. पण रडावं का अभिमान धरावा, ते कळेना. शिकवणारं माणूस आपलंच, मातीतलंच, आणि परक्या देशात जाऊन त्यानं सोनं पिकवलं. मी हे बोललो तेव्हा दोन्ही बाजूंना वाटलं भाऊ आपल्याच बाजूचे. पोरं म्हणाली, बघा, चांगला कोच आला की इराणसुद्धा जिंकतो. पाटील म्हणाले, बघा, आपल्या माणसाची किंमत आपल्यालाच नसते.

शेतकरी म्हणून माझा हिशेब वेगळा होता. आमच्याकडं पूर्वी गावठी भात लावायचे. मग कर्जतच्या संशोधन केंद्राचं बियाणं आलं, आम्ही कर्जत-3 लावलं, पीक वाढलं. बियाणं बदलून फायदा होतो, हे मी हातानं पाहिलंय. पण ज्या वर्षी लावणीला माणसंच मिळाली नाहीत आणि राबातली रोपं म्हातारी होऊन गेली, त्या वर्षी कुठलं बियाणं काय करणार? म्हणून मी पोरांना विचारलं, सरावाला रोज किती जण असता?

कोणी बोलेना. मला ठाऊक होतं. माझं शेत मैदानाला लागून आहे. कोणी खोपोलीच्या कारखान्यात, कोणी नागोठण्याला, कोणी विळे-भागाडच्या एमआयडीसीत. आज पहिली पाळी, उद्या रात्रपाळी. ठेकेदाराकडं काम, एक खाडा केला की पगार कापतो. काका पाचला मैदानात यायचे, पाणी मारायचे, शिट्टी गळ्यात घालून बांधावर बसायचे. कधी चार पोरं यायची, कधी दोन. दोघांची साखळी होते, पण दोघांचा संघ होत नाही. कित्येकदा मी त्यांना एकटेच रेघा मारताना पाहिलंय.

पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. काकांना बोलावलं होतं. वय एकाहत्तर, पण मांडी घालून ताठ बसले. पोरांनी मोठ्या अदबीनं सगळं मांडलं. काकांनी ऐकून घेतलं. मग गळ्यातली शिट्टी काढून मारुतीपुढं ठेवली आणि म्हणाले, "माजी हरकत नाय. मॅटचं मला खरंच कळत नाय. ज्याला कळतं त्याला आणा. फक्त त्याला रोज संध्याकाळी सात पोरं दाखवा. मला नाय दाखवलीत."

देवळात एवढी शांतता मी मयताच्या बैठकीतच पाहिली आहे. पाटलांनी डोळे पुसले. मघा तावातावानं बोलणारा पोरगा उठून काकांच्या पाया पडला, पण आपलं म्हणणं त्यानं मागं घेतलं नाही. मला ते दोन्ही आवडलं.

वर्गणी काढून रोह्याकडचा एक तरुण कोच आणला. आठवड्यातून तीन दिवस यायचा. माणूस हुशार. मोबाइलवर सामने दाखवून चुका सांगायचा. पोरांनी कारखान्यात पाळ्या बदलून घेतल्या, तीन दिवस तरी आठ-नऊ जण जमू लागले. त्या मोसमात संघ एका ठिकाणी उपउपांत्य फेरीपर्यंत गेला, दोन ठिकाणी पुन्हा पहिल्या फेरीत पडला. पावसाळ्यात वर्गणी आटली, दिवाळीनंतर त्यानं दुसऱ्या गावाचा संघ घेतला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही घर आहे.

काका घरात बसले नाहीत. मोठी पोरं नकोत तर नकोत, ते शाळेतल्या पोरांकडं वळले. पाचवी ते आठवीची बारा-तेरा पोरं, त्यात चार मुली, एक कातकरी वाडीवरची. तिचा पाय असा चालतो की बघत राहावं. या पोरांना पाळी नाही, ठेकेदार नाही. ती साडेचारलाच येऊन बसतात. 15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिन असतो. त्या दिवशी पाऊस धो-धो, म्हणून शाळेच्या पडवीत काकांनी पोरांना नुसतं पाय टाकायला शिकवलं. मी भिजत गेलो होतो बघायला.

मोठ्या संघाला अजून कायमचा कोच नाही. परवाच कोणीतरी म्हणालं, काकांनाच परत बोलवा. लगेच दुसरा म्हणाला, परत तेच? वाद सुरू. मी चहा मागवला आणि ऐकत बसलो. माझी नात त्या चार मुलींतली एक आहे. ती डाव्या कोपऱ्यात खेळते, आणि मला विचारते, आजोबा, सात पोरी कधी होतील?