शब्दांची शिदोरी

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा सत्राच्या अखेरीस होते, असा समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. खरी परीक्षा पहिल्या आठवड्यातच होते, आणि तिची भाषाही परकी असते.

विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेतून आम्ही वसईहून पोर्तुगालमधील कोईंब्रा विद्यापीठात दाखल झालो. राजा दिनिश याने १२९० साली लिस्बनला स्थापिलेले हे विद्यापीठ १५३७ मध्ये कोईंब्राच्या टेकडीवर कायमचे स्थिरावले. ते तेथे आणणारा राजा तिसरा जुआंव. त्याचा पुतळा विद्यापीठाच्या प्रांगणात उभा आहे. त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. ज्याच्या अमलाखाली आमच्या पूर्वजांची गावे आली, त्याच्याच पुतळ्यासमोरून आता रोज वर्गात जायचे होते! अभिमान वाटावा की विषाद, हे मनाला ठरविता येईना.

पहिल्या तासाला प्राध्यापकांनी प्रत्येकाचे गाव विचारले. 'वसई' म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. 'बासाईं' हे जुने पोर्तुगीज नाव सांगितल्यावर मात्र त्यांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी तो इतिहासातील एक किल्ला होता. आमच्या लेखी तेथे घर होते, विहीर होती, केळीची बाग होती. पुढील व्याख्याने तर डोक्यावरून गेली. पोर्तुगीज माणूस बोलताना स्वर गिळून टाकतो. पुस्तकातून शिकलेली भाषा कानाला ओळखू येईना. बुधवारपर्यंत वहीत सनावळीखेरीज काही उतरले नव्हते. परतीचा विचार मनात घर करू लागला होता.

आधार मिळाला तो विद्यार्थ्यांच्या खानावळीत. वाढणाऱ्या बाई एकेका पदार्थाचे नाव घेत होत्या आणि आमचे कान टवकारले. बटाटा, कोबी, पाव! गल्ल्यावर पैसे चुकते करणे म्हणजे 'पगार'. खोलीची चावी, न्हाणीतील बादली, पदवीच्या वर्षातील विद्यार्थी मिरवितात त्या रंगीत फिती, सारे शब्द उच्चाराचा वेष पालटून भेटले. बटाटा हा शब्द तर पोर्तुगीजांचाही नव्हे. तो कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा. म्हणजे तोही येथे कधी काळी परकाच होता.

रविवारी सांता क्रूझच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. 'मिस्सा' हा शब्ददेखील तिकडचाच. लिस्बनचा तरुण फर्नांदो येथील मठात अध्ययन करीत असे. १२२० मध्ये मोरोक्कोतील फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे अवशेष येथे आणले गेले, तेव्हा त्याच्या जीवनाला नवे वळण लागले आणि तो संत अंतोनी झाला. प्रभूची प्रार्थना आम्ही मराठीतून म्हटली. शांतीचा हात देणाऱ्या शेजारच्या वृद्धेला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

सोमवारी पुतळ्यासमोरून जाताना मन शांत होते. सत्ता आली आणि १७३९ साली गेलीही. शब्द मात्र आमच्या आयाबायांनी चुलीपाशी ठेवून घेतले, मराठी करून सोडले. ते कोणाची मेहेरबानी नव्हेत, आमची मिळकत आहेत. आज आपल्या धर्मग्रामांतून अनेक मुले परदेशी जात आहेत. त्यांच्या सामानात इंग्रजी पुस्तके असतीलच. आजीची बोलीही सोबत द्यावी. ती कोठे उपयोगी पडेल, हे निघताना कोणालाच ठाऊक नसते.