‘अरे’ म्हणणारी माणसे

वय वाढू लागले की माणसाला ‘अरे’ म्हणणारी माणसे कमी होत जातात. दुकानात मुनीम आणि हमाल त्याला शेठ म्हणतात, बाजार समितीत तो भाऊसाहेब असतो, गल्लीतील मुलांचा काका आणि नातवंडांचा आजोबा होतो. ज्यांनी हक्काने एकेरी हाक मारावी ते आईवडील, चुलते, थोरले बंधू एकेक करून निघून जातात. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थाला ‘अरे, तू कसला शेठ!’ असे म्हणणारे मग कोण उरते? उरतात ते शाळेतील सोबती. त्यांनी त्याला गादीवर बसण्यापूर्वी पाहिलेले असते. गणिताच्या तासाला अंगठे धरून उभा असलेला पाहिलेले असते. त्याची पत, त्याची इस्टेट, त्याचे समाजातील पद यांपैकी कशाचाही त्यांच्या हाकेवर परिणाम होत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील लहान गावांत या हाकेला आणखी एक मोल आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. त्यामुळे एकाच शाळेत शिकलेल्या तीन पिढ्यांच्या दाखल्यांवर तीन जिल्ह्यांची नावे सापडतात. आजोबांच्या दाखल्यावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या दाखल्यावर धुळे आणि मुलाच्या दाखल्यावर नंदुरबार. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, मधून वाहणारी तापी आणि उत्तरेला सातपुडा, अशी ही भूमी. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकातून तर राज्याची सीमाच जाते. तेथील एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. येणारे-जाणारे कौतुकाने त्यावर बसून छायाचित्र काढून घेतात.

या जिल्ह्यातील शाळांच्या बाकांनी त्याहूनही अधिक सीमा पुसल्या. एका बाकावर बसणाऱ्या मुलांपैकी एकाच्या घरी गुजराती किंवा मारवाडी बोलली जाई, दुसऱ्याच्या घरी अहिराणी किंवा गुजरी, तर डोंगरातून आलेल्या तिसऱ्याच्या घरी भिली, पावरी किंवा मावची. फळ्यावरची मराठी त्यांपैकी पुष्कळांना सारखीच परकी होती. व्यापाऱ्याचा मुलगा आणि पाड्यावरचा मुलगा, दोघेही लिंग-वचनाच्या चुका करीत आणि दोघांच्याही चुकांवर वर्ग हसे. फरक पुढे पडे. एकाच्या घरी चुका सुधारणारा थोरला भाऊ असे, शिकवणी असे. दुसरा मात्र हळूहळू उत्तर देणेच सोडून देई. त्याला येत नव्हते म्हणून तो गप्प नसे; प्रश्न त्याच्या भाषेत येत नसे म्हणून गप्प असे. हे त्याच्या शेजाऱ्याला कळण्यास कधी कधी चाळीस वर्षे लागली.

नंदुरबारच्या शाळकरी मुलांचा विषय निघाला आणि १९४२ साल आठवले नाही, असे होत नाही. ९ ऑगस्टला ‘छोडो भारत’चा वणवा पेटला आणि बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली. तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता व्यापारी घरातला, गुजराती बोलणारा. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा; म्हणजे सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. पोलिसांच्या गोळीबारात तो पडला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मा झाले. माणिक चौकातील स्मारकापाशी आजही गाव त्यांच्यापुढे नतमस्तक होते.

त्या नावांकडे एका निराळ्या दृष्टीने पाहता येते. मेहता, शहा, वाणी, केतकर, शहा. ही पाच आडनावे एकापाठोपाठ उच्चारली की एखादा हजेरीपट वाचल्यासारखे वाटते. या मुलांची घरे वेगळी, पण घोषणा एकच होती. त्यांच्या बरोबरीची मुले पुढे संसारी झाली, दुकानांवर आणि नोकऱ्यांवर बसली, त्यांचे केस पिकले. गावाने शिरीषकुमाराला बालहुतात्मा म्हटले आणि ते योग्यच होते; परंतु त्याच्याबरोबर खेळलेल्या एखाद्या वृद्धाच्या मनात तो अखेरपर्यंत ‘अरे शिरीष’च राहिला असणार. इतिहास गौरव करू शकतो. एकेरी हाक मारण्याचा अधिकार मात्र सोबत्यांचाच असतो.

हजेरीपटाचा एक धर्म आहे. मुलगा आलेला असो वा नसो, त्याचे नाव उच्चारावेच लागते. गैरहजर आहे म्हणून गुरुजी नाव गाळीत नाहीत. उत्तर आले नाही तर क्षणभर थांबतात, मान वर करून त्याच्या जागेकडे पाहतात आणि मगच पुढच्या नावाकडे वळतात. जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे हल्ली गावोगावी भरतात. ते पाहताना हा क्षणभराचा थांबा फार आठवतो.

मेळावे मोठे गोड असतात. दिवाळीच्या सुट्टीत किंवा लग्नसराईत, सुरत, पुणे, मुंबई आणि परदेशातूनही मंडळी येतात. तोरणमाळच्या सहलीत यशवंत तलावाकाठी कोणाची चप्पल हरवली, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहता पाहता कोण चुकला, टोल वाजण्यापूर्वीच कोणाचा डबा संपत असे, हे सर्व पुन्हा एकदा सांगितले जाते. कांदा-लसूण नसलेला जैन सोबत्याचा डबा वर्गात सर्वांना ठाऊक असे. त्यात चुकून कोणी काही मिसळू नये म्हणून पहारा करणारा मित्र बहुधा दुसऱ्याच समाजाचा असे. संध्याकाळचा खेळ रंगात आला असताना ‘याला सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे’ म्हणून डाव मोडणारेही तेच. आज केस पांढरे झालेली तीच मंडळी मेळाव्यात आचाऱ्याला बजावून सांगतात की पहिली पंगत दिवस मावळण्यापूर्वी उठली पाहिजे. कोणी विनंती केलेली नसते. ही आठवण मनापेक्षाही खोल, सवयीत मुरलेली असते.

जेवणानंतर खरी बातमी निघते. मुलगा परदेशी स्थायिक झाला, आता दुकान कोण पाहणार? सुनेचे आणि घरच्यांचे जमत नाही. डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे. दोन हंगाम तोट्यात गेले. व्यापारी माणूस नफा सहज सांगतो. तोटा तो बाजारात सांगू शकत नाही, कारण त्याने पत जाते, आणि घरात सांगत नाही, कारण त्याने झोप जाते. तो तोटा तो सांगतो तो बाकावरच्या सोबत्याला. तेथे पत हा शब्दच लागू नसतो. अशा एका रात्रीच्या गप्पांनी किती माणसे सावरली असतील, याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

परंतु त्या रात्री काढलेल्या समूहचित्रात कोण नसते, याचाही हिशेब व्हावयास हवा. दहावीनंतर लगेच ज्यांची लग्ने झाली त्या मुली नसतात. नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. ‘ती कोठे दिली?’ यापलीकडे वर्गाने चौकशी केली नाही. नापास होऊन मागे राहिलेला नसतो. त्याला वाटते, आपला तेथे काय संबंध? आणि पाड्यावरून येणारे सोबती तर क्वचितच असतात. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर दहा माणसांतील जवळजवळ सात आदिवासी आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. मेळाव्याच्या चित्रात हे प्रमाण दिसत नसेल, तर ते चित्र वर्गाचे नव्हे, वर्गातील काही जणांचे आहे.

होळी जवळ आली, भोंगऱ्याचे बाजार भरू लागले, की डोंगराकडील मुले शाळेतून नाहीशी होत. गुरुजी हजेरीपटात ‘गै’ लिहीत. आठ-दहा दिवसांनी त्यांतील काही परत येत, काही येत नसत. कोणी आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असे, कोणाकडे घरची गुरे आलेली असत. बाकावरची रिकामी जागा दुसरा भरून काढी आणि वर्ग पुढे जाई. शाळा सुटली ती अशी. ‘अरे’ही तेथेच सुटले.

ते पुन्हा भेटतात, पण निराळ्या जागी. दसरा-दिवाळीच्या सुमारास नंदुरबारला ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, मैदानेच्या मैदाने लाल होतात, देठ खुडणाऱ्या बायांच्या रांगा बसतात आणि वाऱ्याबरोबर ठसका गावात येतो. वजनकाट्यापाशी उभा असलेला एखादा शेतकरी व्यापाऱ्याला म्हणतो, ‘शेठ, जरा भाव पाहा.’ व्यापारी मान वर करतो. चेहरा ओळखीचा वाटतो. वडिलांचे नाव विचारावे, गाव विचारावे, तर एकाएकी उलगडते की हा तिसऱ्या बाकावरचा. चित्रकलेत पहिला येणारा. याच्याच पेन्सिलीने परीक्षेत नकाशा भरला होता. समोरच्याने त्याला कधीच ओळखलेले असते. त्याने मुद्दामच ‘शेठ’ म्हटलेले असते, कारण ओळख दाखवावी आणि दुसऱ्याने ती नाकारावी, यापेक्षा मोठा अपमान नाही.

अशा क्षणी व्यापाऱ्याच्या हातात दोन गोष्टी असतात. भाव बाजाराचा असतो; तो एका ओळखीने बदलावा, असे कोणी म्हणणार नाही आणि स्वाभिमानी सोबती तशी अपेक्षाही धरणार नाही. पण गादीवर शेजारी बसवून चहा देणे आणि ‘तू मला शेठ काय म्हणतोस?’ असे विचारणे, हे बाजाराच्या कक्षेबाहेरचे आहे. दान करण्याची रीत व्यापारी कुटुंबांत लहानपणापासून असते. शाळेला खोली बांधून देणारे, वह्या वाटणारे हात येथे कमी नाहीत. मात्र दान देताना देणारा वर असतो आणि घेणारा खाली. बाकाची उंची दोघांना सारखीच होती. जुन्या सोबत्याला मदतीआधी ती उंची परत द्यावी लागते.

म्हणून पुढच्या मेळाव्याची तयारी आचारी आणि मंडपापासून न करता यादीपासून करावी. शाळेचे जनरल रजिस्टर पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असते. जातीच्या पडताळणीसाठी लोक आजही त्यातील जुन्या नोंदी शोधीत येतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यातून आपल्या तुकडीची नावे उतरवून घेणे कठीण नाही. ज्या समाजात येणे बाकी असलेली रक्कम वीस वर्षांनीही विसरली जात नाही, त्याला वर्गातील येणे बाकी असलेली माणसे शोधणे जड जाऊ नये. धडगावच्या बाजारात, अक्कलकुव्याच्या बसस्थानकात, तळोद्याच्या एखाद्या पेढीवर एक नाव सांगून ठेवले तरी निरोप पोहोचतो. लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणींचा पत्ता त्यांच्या माहेरच्या भावाला ठाऊक असतो. काही नावांपुढे ‘दिवंगत’ लिहावे लागेल. तेही लिहावे, निदान गाळलेले नाही, एवढे तरी होईल.

आणि मेळाव्याच्या दिवशी भाषणांपूर्वी एकदा संपूर्ण हजेरी घ्यावी, पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत, वर्गातील एकाच सुरात, कोणाच्याही नावापुढे शेठ, साहेब वा ताई न लावता. जे आले ते ‘हजर’ म्हणतील. जे आले नाहीत त्यांच्या नावापाशी गुरुजींप्रमाणे क्षणभर थांबावे. त्या थांब्यात एखादा उठून सांगेल की तो मागच्या हंगामात पथारीवर भेटला होता, गाव अमुक, येथून बारा कोसांवर. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा-तिघांनी गाडी काढून निघावे.